सीबच्या शिंपिणीची बर्फावरची पोर

माझी मुलगी बर्फावरून घसरते असं सांगितलं की लोक आधी विचारतात, "फार लागलं का हो?" मग मला सांगावं लागतं की पडली नाही, मुद्दाम घसरते, शर्यतीत घसरते आणि भारताकडून घसरते. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला. "ओमानमध्ये बर्फ कुठंय?" याचं उत्तर इतक्या वेळा दिलंय की दुकानाच्या दारावर पाटीच लावावी असं मनात येतं. बर्फ मॉलमध्ये आहे आणि माझा नवरा तो गार ठेवतो.

मी रत्नागिरीकडची, खाडीकाठची. लग्न होऊन मस्कतजवळ सीबला आले ती इथलीच झाले. नवरा फ्रिज-एसीचा मेकॅनिक. मॉलमध्ये बर्फाचा हॉल निघाला तेव्हा तिथल्या मशीनवर त्याला नोकरी लागली. माझं जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, शिलाईचं दुकान आहे. कागदावर अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं, पण सुई-दोरा माझा. अबाया, शाळेचे युनिफॉर्म, आपल्या बायकांचे ब्लाउज, सगळं शिवते. स्वभाव तापट आहे, ते गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. माप देताना पोट आत ओढून उभी राहणारी बाई दिसली की मी सरळ सांगते, "बाई, श्वास सोडा. हा ब्लाउज घालून जगायचंय तुम्हाला." रागावतात आणि पुढच्या ईदला परत येतात. कारण माझ्या दुकानातून धागा लोंबणारा कपडा बाहेर जात नाही.

पोर सात वर्षांची होती. शाळेला सुट्टी, माझ्याकडे लग्नाच्या ऑर्डरी, म्हणून नवरा तिला एक दिवस कामावर घेऊन गेला. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत उणे दोन. मी माझी शाल आणि त्याचा स्वेटर गुंडाळून तिला पाठवली होती. परत आली ती ओठ निळे, गाल लाल आणि तोंडाचा पट्टा चालू. "अम्मी, आय वेंट डाउन! ऑल द वे!" मी म्हटलं, घरात मराठीत बोल. अल् घुब्राच्या इंडियन शाळेत शिकणारी ती, मराठी तोंडातून बाहेर काढायला तिला चिमटा लागतो. थोडा विचार करून म्हणाली, "अम्मी, मी खाली गेली. पूर्ण खाली. परत जाऊ?"

हॉलमध्ये पोरांना स्की शिकवणारा एक काश्मिरी माणूस होता, स्वतः एके काळी शर्यतीत उतरलेला. त्याने नवऱ्याला सांगितलं, "भाईसाब, ये बच्ची डरती नहीं." नवरा म्हणाला, "माँ पे गई है." घरी येऊन त्याने मला हे हसत हसत सांगितलं. मी चहा दिला नाही त्या दिवशी, पण आतून बरं वाटलं.

तोच माणूस तिचा कोच झाला. त्या हॉलचा उतार तो केवढा! आमच्या गल्लीतून मशिदीकडे जाताना लागतो त्याहून थोडा मोठा. त्यावर ती दिवसाला शंभर वेळा खाली यायची आणि शंभर वेळा वर जायची. मग सुट्टीच्या दिवशी दुबई सुरू झालं, कारण तिथल्या मॉलमध्ये मोठी टेकडी आहे. पाच तास जायला, पाच तास यायला, मध्ये हद्दीवर पासपोर्टचे शिक्के. गाडीत ती अभ्यास करायची आणि मी हेमिंग. अकराव्या वर्षी कोच तिला पहिल्यांदा काश्मीरला घेऊन गेला, नवराही बरोबर होता. फोनवर ओरडली, "अम्मी, इथे छतच नाहीये!" मला एवढं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. बर्फाला छत असतं असंच वाटायचं माझ्या पोरीला.

मग एकेक करत ती शर्यती खेळत गेली. काश्मीर, हिमाचल, इराण, तुर्कस्तान. पंधराव्या वर्षी अंगावर तिरंगा आला. तिचा प्रकार म्हणजे काठ्या रोवलेल्या असतात आणि त्यांच्यामधून नागमोडी वळत खाली यायचं. दोनदा यायचं आणि दोन्ही वेळांची बेरीज धरायची. एक काठी चुकली की बाहेर. सुरुवातीला मी व्हिडिओ बघताना डोळे मिटायची. नंतर मला कळायला लागलं की वळताना तिचा डावा खांदा आत जातो, आणि मी ते कोचला फोन करून सांगायला लागले. तो म्हणायचा, "आपा, आप अबाया देखिए." मी म्हणायचे, "खांदा म्हणजे खांदाच असतो, अबायात असो नाहीतर बर्फात." पुढच्या आठवड्यात खांदा सुधारलेला असायचा.

सतराव्या वर्षी गुडघा गेला. आतली शीर तुटली, ऑपरेशन झालं. आठ महिने सीबच्या किनाऱ्यावर मी तिला वाळूत चालवत होते. ती रडायची, मी ओरडायची, आणि मासे विकणारे आमच्याकडे बघायचे. एकदा मीच हात टेकले. म्हटलं, पुरे झालं बाय, कॉम्प्युटर शीक, मस्कतला कुरुमच्या एखाद्या ऑफिसात बस. तिने माझा अंगठा धरला. त्यातून एकदा मशीनची सुई आरपार गेलेली, त्याची खूण अजून आहे. म्हणाली, "तू मशीन सोडलीस?" वाळूत चालायला लागलो परत.

आता मूळ गोष्टीकडे येते, जी मी दुकानात कोणाला सांगत नाही.

दोन वर्षांनी एकदा जगभरच्या स्कीवाल्यांची मोठी स्पर्धा असते. तिथे जायचं तर ठरावीक तारखेच्या आत ठरावीक गुण लागतात, आणि हे गुण उलटे असतात, जितके कमी तितके चांगले. पोरीचे सगळे जमले होते, फक्त एक शर्यत कमी पडत होती. तारखेच्या आत दुबईत दोन शर्यती होत्या, शनिवारी एक आणि रविवारी एक. कोचने आम्हाला बसवून सांगितलं, यातली एक जरी चांगली गेली तरी नाव जाणार. नाहीतर पुढची संधी दोन वर्षांनी. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला दोन वर्षं थांब म्हणून सांगता येत नाही, हे त्याने सांगितलं नाही. पण आम्हा चौघांनाही ते ऐकू आलं.

त्याच महिन्यात कोचने तिच्यासाठी शर्यतीचा चांगला सूट मिळवला, युरोपातल्या कोणा मोठ्या मुलीचा वापरलेला. अंगाला चिकटून बसणारा, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच कपडा. तो तिला कमरेत आणि पाठीवर सैल होत होता. ती म्हणाली, चालेल. मला कसं चालेल? शिंपिणीची पोर ढगळ कपड्यात देशाकडून उतरणार?

आणि नणंदेचा, म्हणजे पोरीच्या फूफीचा, फोन डोक्यात होता. पोरीचा आधीच्या शर्यतीतला फोटो रत्नागिरीपर्यंत पोचला होता. नणंद म्हणाली, "काय गो, दुसऱ्यांच्या पोरींना अबाया शिवतंस आणि आपल्या पोरीला असले कपडे?" मी तिला चांगलंच सुनावलं. म्हटलं, तिला वाऱ्याशी भांडायचंय, झालर लावून देऊ का सूटला? डोक्यावर हेल्मेटखाली मी शिवलेली टोपी आहे, बर्फात कोण बघतंय तिला? फोन आपटला. पण खोटं कशाला सांगू, टोचलं होतं मलाही.

शर्यतीच्या आठवड्यात तो सूट मी गुपचूप दुकानात नेला. कमरेत घेतला, पाठीत घेतला. मग छातीला आणि पोटाला आतून पातळ अस्तर लावलं, अगदी त्याच रंगाचं, उलटा केल्याशिवाय दिसणार नाही असं. इराणहून ती खोकत आली होती, म्हणून ऊब मिळावी, असं मी स्वतःला सांगितलं. ऊब हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं नणंदेच्या फोनचं होतं. शेवटी घोट्यापाशी एक चपटा प्लॅस्टिकचा शिक्का लोंबत होता, दुकानातली चिठ्ठी राहते ना कपड्याला, तसा. तो मी कचकन कापून टाकला.

शुक्रवारी गाडीत मी तिला पिशवी दिली. म्हटलं, थोडा घेतलाय कमरेत. तिने वरवर हात फिरवला आणि झोपली. शनिवारी घाईत घातला, आरशात बघितलं. म्हणाली, "अम्मी, परफेक्ट! वॉर्म पण आहे." मी आणि नवरा मॉलच्या बाजूने काचेपाशी उभे राहिलो. तिथून आतली टेकडी दिसते, मागे लोक पिशव्या घेऊन फिरत असतात.

काय आली ती त्या दिवशी! दुसऱ्यांदा आली तेव्हा काठ्या बाजूला हटतायत असं वाटलं. चौथी आली. कोच आतून दोन्ही हात वर करून उड्या मारत होता. गुण हवे होते त्याहून चांगले झाले होते. नवरा तिथे काचेपाशीच रडला, आणि मी त्याला "लोक बघतायत" म्हणत स्वतःही रडत होते. पोर जाणार! माझ्या अंगात वारं भरलं.

खाली शर्यत संपते तिथे एक गोरी बाई उभी असते, सामान तपासायला. तिने पोरीचे बूट बघितले, स्की बघितल्या. मग घोट्याशी वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

आम्हाला आत बोलावलं. कोचने मला समजावलं. या सूटच्या कापडातून ठरावीक हवा जावीच लागते. हवा आत न शिरता वरून घसरून गेली की माणूस जास्त वेगाने जातो, म्हणून सगळ्यांचं कापड सारखं. कापड तपासलं की घोट्याशी शिक्का लावतात. शिक्का नाही म्हणजे सूट नाही, आणि याला तर आतून दुसरं कापड लावलेलं. नाव खोडलं. शर्यत झालीच नव्हती असं धरायचं.

आधी मी भांडले. मला तेच येतं. म्हटलं, पाय तिचे, गुडघा तिचा, कापडाचा काय संबंध? ती गोरी बाई शांतपणे ऐकत होती, एक अक्षर न कळता. नवरा म्हणाला, "गप्प बस." अठ्ठावीस वर्षांत त्याने मला गप्प बस म्हटलं नव्हतं. मी गप्प बसले.

मग कोच पोरीला बाजूला घेऊन हळूच म्हणाला की सूट वापरलेला आहे, आम्हाला असाच मिळाला असं सांग, विनंती करून बघू, कदाचित ऐकतील. मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, सांग बाई, सांग, घाल सगळं त्या युरोपातल्या मुलीच्या गळ्यात.

पोर त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली. इंग्लिशमध्ये बोलली, पण एवढं मला कळतं. म्हणाली, "माझ्या आईने केलं. ती टेलर आहे. तिला नियम माहीत नव्हता. मला माहीत होता, आणि मी बघितलं नाही. चूक माझी." मान खाली घातली नाही, आवाज कापला नाही. माझ्या हातून तिचं सगळं गेलं होतं आणि तरी त्या घटकेला मला वाटलं, या अल्लाह, ही एवढी सरळ पोर माझ्या पोटी आली कशी.

कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. तिला म्हटलं, मला मार, शिव्या दे, काहीतरी कर. ती बूट काढत होती. म्हणाली, "अम्मी, फूफीने फोन केला होता ना? मला माहितेय. तिने मला पण मेसेज केला." मग मी सगळं कबूल केलं, अस्तर नुसतं थंडीसाठी नव्हतं म्हणून. तिने ऐकून घेतलं. रागावली होती, दिसत होतं ते, नाकाचा शेंडा लाल झाला होता. म्हणाली, "मला तिथे वर उभी असताना कोण काय बघतंय ते आठवतच नाही. मला फक्त पहिली काठी दिसते. तुला पण तसंच दिसायला पाहिजे."

उद्याची शर्यत उरली होती आणि सूट नव्हता. तेवढ्यात एक इराणची मुलगी आली. तीसुद्धा त्याच गुणांच्या मागे होती, उद्या तीसुद्धा उतरणार होती. हातात तिचा जादा सूट, घोट्याला शिक्का शाबूत. "टेक," म्हणाली आणि गेली. आभार ऐकायलासुद्धा थांबली नाही. ती पोरीपेक्षा चांगली हातभर उंच आणि खांद्याने रुंद. पोरीने तो घातला तर गुडघ्यांवर चुण्या, पाठीवर फुगा, काखेत मूठभर कापड.

माझा हात पर्समध्ये गेलासुद्धा. टाचण्या असतात माझ्याकडे कायम. पाठीतली चिमूट धरली आणि तिने माझं मनगट पकडलं.

"नको, अम्मी. एक पण टाका नको."

मी टाचण्या, कात्री, टेप, सगळी डबी नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हटलं, गाडीत टाक आणि चावी तुझ्याकडे ठेव. स्वतःवर विश्वास नव्हता माझा.

रविवारी आम्ही परत काचेपाशी. पहिल्यांदा खाली आली तेव्हा तो सूट दोरीवर वाळत घातल्यासारखा फडफडत होता. वेळ बरी होती, चांगली नव्हती. नववी. कोच आमच्याकडे बघत नव्हता, त्यावरून समजलं. आता दुसऱ्या वेळेला तिला सगळा जोर लावावा लागणार होता, आणि सगळा जोर लावला की काठी चुकायची भीती.

इराणची मुलगी तिच्या आधी होती. अर्ध्यावर तिची काठी चुकली. बाहेर गेली बिचारी, बाजूला उभी राहिली आणि वर बघून माझ्या पोरीसाठी टाळ्या वाजवायला लागली. मला आजही तिचं नाव घेऊन दुआ मागावीशी वाटते.

मग पोर निघाली. मी तिने सांगितलं तसं फक्त पहिली काठी बघितली. मग दुसरी. मग पुढची. मधल्या उतारावर ती आतल्या बाजूला कलली, हात बर्फाला टेकला, माझ्या शेजारी नवऱ्याने श्वास घेतला तो सोडलाच नाही. गुडघा! पण उठली ती, त्या हाताने बर्फ ढकलून उठली, आणि त्यापुढे जी सुटली, मी तशी कधी बघितली नव्हती तिला. शेवटच्या काठीला तिचा खांदा लागला आणि ती खाली होती.

गोरी बाई घोट्याशी वाकली. सरळ झाली. मान हलवली. कोच मोबाईलवर आकडे करत होता, पुन्हा करत होता, आणि मला वाटलं, मेल्या, एवढा काय हिशेब, बोल की. त्याने काचेकडे बघितलं आणि अंगठा वर केला. सहावी. गुण बसले होते, अगदी जेमतेम, पण बसले होते. माझी पोर जाणार होती. माझ्या चुकीला पुरून उरली होती ती.

पोर खाली उभी होती, हेल्मेट काढलेलं, केस चिकटलेले, गुडघ्यांवर चुण्या, पाठीवर तो मेला फुगा. तिने आम्हाला शोधलं आणि हात वर केला. काखेतलं कापड लोंबत होतं, सगळ्या मॉलला दिसेल असं.

माझ्या बाजूला आपल्याकडचीच एक बाई उभी होती, हातात शॉपिंगच्या पिशव्या. मगापासून बघत होती. मला म्हणाली, "लडकी तो कमाल की है, लेकिन सूट देखो ना, कितना ढीला! किसने सिया है?"

एरवी कोणी माझ्या पोरीच्या अंगावरच्या कपड्याला असं म्हटलं असतं तर मी त्या बाईला तिच्याच पिशवीत घालून पाठवली असती. त्या दिवशी मी तिच्याकडे वळले, पदर सावरला आणि आख्ख्या मॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वो मेरी बेटी है. और ये सूट मैंने नहीं सिया!"